संगणक मध्येच बंद पडतो? तपासणी भिंतीपासून सुरू करा

खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि पडदा एकदम काळा होतो. पंखे थांबतात, दिवे विझतात. कधी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं, कधी ढिम्म बसून राहतं. तोच संगणक एरवी दिवसभर ब्राउझर, सिनेमे, कॉलेजचा प्रोजेक्ट सगळं बिनतक्रार चालवतो. मग विंडोज नव्याने टाकलं जातं, ड्रायव्हर बदलले जातात, आणि शेवटी सगळा संशय येतो ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे यंत्रातल्या सर्वांत महाग भागावर. खरा दोष मात्र पुष्कळदा विजेच्या वाटेवर असतो. भिंतीतला प्लग, यूपीएस, एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज देणारा डबा) आणि कार्डापर्यंत जाणारी केबल या चार ठिकाणांची क्रमाने तपासणी केली, तर एकही नवा भाग विकत न घेता बहुतेक वेळा दोष सापडतो.

बंद पडण्याची तऱ्हा पाहा

यंत्र कसं बंद पडलं, यातच अर्धं निदान असतं. निळा पडदा आणि त्यावर त्रुटीचा कोड आला, तर रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरकडे आधी पाहावं. चित्र गेलं पण आवाज चालू राहिला आणि कार्डाचे पंखे जोरात फिरू लागले, तर कार्ड किंवा त्याची केबल तपासावी. सगळं यंत्र एका क्षणात मेलं, तर वीज तुटली असं समजावं. बंद पडल्यावर पुढचं बटण दाबूनही ते सुरू होत नसेल आणि भिंतीवरचं बटण बंद करून थोड्या वेळाने लावल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसमधल्या संरक्षक यंत्रणेने स्वतःहून पुरवठा तोडलेला असण्याची शक्यता फार मोठी.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टिम’ची नोंदवही पाहा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला त्रुटी टिपायलाही सवड मिळाली नाही. हा वीजपुरवठ्याविरुद्धचा पहिला पुरावा. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण यंत्र पूर्ण गोठून हाताने बंद करावं लागलं तरी तिथे शून्यच दिसतं.

आधी पेठेतली भिंत

पुण्याच्या नारायण पेठेत तर सुरुवात भिंतीपासूनच करायला हवी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. त्यातून वाचलेले वाडे आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती अजून अनेक ठिकाणी वापरात आहेत. त्या काळचं वायरिंग दिवा, पंखा आणि रेडिओ एवढ्याच हिशेबाने केलेलं असायचं. आज अशाच खोल्यांत कॉट बेसिसवर विद्यार्थी राहतात. एका बोर्डावर इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड, दोन-तीन चार्जर आणि त्यातच एक्स्टेंशन लावून गेमिंगचा संगणक.

खेळ चालू असताना असा संगणक सहज ४५० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण २ अँपिअर. आकडा लहान वाटतो. पण वाटेत एखादा जोड ढिला असेल आणि तिथे १० व्होल्ट पडत असतील, तर त्या एका जोडावर २० वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक पिवळं पडतं, प्लग हाताला गरम लागतो, बटणातून चर्रर्र आवाज येतो. ही चिन्हं दिसली, तर तिथे खेळणं ताबडतोब थांबवावं.

नुसता व्होल्टेज थोडा उतरला म्हणून चांगला एसएमपीएस बंद पडत नाही. त्याला अडचण होते ती वीज क्षणभर तुटण्याची. आत एक मोठा कपॅसिटर असतो. नळाचं पाणी गेल्यावर गच्चीवरची टाकी चालते, तसा तो वीज तुटल्यावर यंत्र चालवतो, पण फक्त १६-१७ मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे बटणात ठिणगी पडून एक आवर्तन हुकलं, तरी दिवा जेमतेम लुकलुकतो आणि संगणक मात्र बंद पडतो.

यावरची चाचणी सोपी आहे. एक्स्टेंशन, स्पाइक बस्टर आणि यूपीएस काढून टाका; दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या प्लगला संगणक थेट जोडा आणि तोच खेळ तितकाच वेळ चालवा. बंद पडणं थांबलं, तर दोष संगणकाबाहेर आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थ न मिळालेल्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहेच, असं जुन्या घरात गृहीत धरता येत नाही. अनेकदा तिसरं भोक नुसतंच असतं. ही तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. घरातले काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल ढिला असण्याची शंका घ्यावी, मेन स्विच बंद करावा आणि महावितरणला १९१२ वर कळवावं. अशा वेळी एखाद्या घरात २३० ऐवजी कितीतरी जास्त व्होल्टेज येऊ शकतो.

यूपीएसचा हिशेब

घरगुती यूपीएसवर ‘६०० व्हीए’ लिहिलेलं असतं, पण त्याची खरी ताकद बहुतेक वेळा ३६० वॅट. टायपिंगला, ऑनलाइन क्लासला हे पुरतं. ४५० वॅटचा खेळ चालू असताना लाइट गेली, तर यूपीएस ओव्हरलोड होऊन हात टेकतो. शिवाय स्वस्त यूपीएसची वीज पायऱ्यापायऱ्यांच्या लहरींची असते आणि नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्या दिवशी संगणक बंद करून प्लग काढून ठेवणं सगळ्यांत स्वस्त संरक्षण.

एसएमपीएसचं लेबल वाचा

भिंत आणि यूपीएस निर्दोष ठरले, की कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल शोधा. वर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असेल, तिकडे लक्ष देऊ नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत, ते पाहा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रांगेतून घेतात. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच खऱ्या उपयोगाचे. आरटीएक्स ३०७० हे एकटं कार्ड २२० वॅटचं आहे आणि त्यासाठी कंपनीच ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. हे गणित कागदावरच फसतं.

कार्डाची गरज आणि सुचवलेला एसएमपीएस यांत इतका मोठा फरक ठेवण्याचं कारणही आहे. नवी कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचतात. स्फोटाचं दृश्य आलं, नवा नकाशा उघडला, की हा झटका बसतो आणि कमकुवत एसएमपीएस पुरवठा तोडतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात, एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली गेली.

वयही पाहावं. कपॅसिटर उष्णतेत लवकर म्हातारे होतात. तापमान १० अंशांनी वाढलं, की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. भिंतीला चिकटवलेलं कॅबिनेट आणि पंख्यावर साचलेली रस्त्याची धूळ असेल, तर चार वर्षांपूर्वी पुरणारा एसएमपीएस आज पुरेलच असं नाही.

तीन चाचण्या

पहिली चाचणी फुकटची. खेळात फ्रेम रेट ६० वर बांधा आणि ‘आफ्टरबर्नर’ या प्रोग्राममधून कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. आता बंद पडणं थांबलं, तर वीज कमी पडते आहे असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. तापमानाचा प्रश्न वेगळा काढण्यासाठी तापमान नोंदवणारा ‘एचडब्ल्यूइन्फो’ चालू ठेवा; बंद पडण्याआधी आकडा चढत गेला होता का, ते नोंदीत दिसतं.

दुसरी चाचणी भार वेगळा करण्याची. ‘प्राइम९५’ फक्त प्रोसेसरला राबवतो, ‘फरमार्क’ फक्त कार्डाला, आणि ‘ओसीसीटी’ची पॉवर चाचणी दोघांना एकदम. वेगवेगळे टिकतात आणि एकत्र कोसळतात, असं दिसलं तर बोट एसएमपीएसकडे जातं.

तिसरी चाचणी मल्टिमीटरची. तो पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळ्या तारेला काळी पिन आणि पिवळ्या तारेला लाल पिन लावा. आकडा ११.४० ते १२.६० च्या आत हवा. खेळ सुरू झाल्यावर तो ११.३ कडे घसरला, तर एसएमपीएस बदलायची वेळ आली. आकडा ठीक आला म्हणून मात्र त्याला निर्दोष ठरवू नका. साध्या मीटरला मायक्रोसेकंदांचा झटका दिसत नाही. शेवटची खात्री एकाच गोष्टीने होते: मित्राचा चांगला, पुरेशा ताकदीचा एसएमपीएस एक संध्याकाळ जोडून पाहणं. जोडताना केबलही त्याच एसएमपीएसच्या वापराव्यात. मॉड्युलर केबलची एसएमपीएसकडची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीची केबल हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड जाळू शकते.

एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते आणि ती जीवघेणी असते.

आधी कशावर खर्च करावा

नवा संगणक जुळवताना बजेट संपत आलं, की कात्री एसएमपीएसवर चालते. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट राहतं आणि सगळ्या यंत्राला वीज देणारा भाग बिननावाचा येतो. हे उलट व्हायला हवं. कार्डाच्या कंपनीने सुचवलेली वॅट संख्या, १२ व्होल्टवरचे खरे अँपिअर आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी, एवढं पाहूनच एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती कमी वाया जाते, एवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी तो देत नाही.

घरमालकांनीही एक जबाबदारी उचलावी. खोली भाड्याने देताना वायरमन बोलावून अर्थिंग आणि बोर्ड तपासून द्यावेत, आणि भाडेकरूंनी ते मागून घ्यावेत. संगणक बंद पडला तर नुकसान पैशांचं असतं. ढिला जोड आणि नसलेलं अर्थिंग मात्र त्या खोलीत राहणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून ते काम आधी करा.