*तेल्या स्ट्रेप्टोसायक्लिनला दाद का देत नाही?*



डाळिंबवाल्यांचा एकच प्रश्न येतोय : "दोनदा मारलं, तेल्या हलला नाही. डोस वाढवू का?" थांबा, आधी हे वाचा.

तेल्या बुरशी नाही, जिवाणू आहे. एकाचे दोन होताना त्याला लाखो अक्षरांची आपली जनुकीय पोथी उतरवून काढावी लागते. त्यात कधीतरी अक्षर चुकतं, त्यालाच म्युटेशन म्हणतात. ई. कोलाय या जिवाणूत मोजलंय : पोथी ४६ लाख अक्षरांची, आणि साधारण हजार वेळा उतरवली तर एखादी चूक.

पण चुका सगळ्या पोथीत सारख्या पडत नाहीत. एकच अक्षर सलग सात-आठ वेळा आलं की उतरवणारं यंत्र घसरतं, जसं एकसारखी रोपं मोजताना आपला आकडा चुकतो. चुका दुरुस्त करणारी प्रथिनंही काही चुका पटकन पकडतात, काही सोडून देतात. एखाद्या जिवाणूत ही दुरुस्तीच बिघडली तर चुकांचा वेग शंभर पटही होतो.

काही ठिकाणच्या चुका मात्र आपल्याला दिसतच नाहीत, कारण तो जिवाणू लगेच मरतो. स्ट्रेप्टोमायसिन जिथे चिकटतं तिथलं एक अक्षर बदललं तर उलटं होतं : औषध चिकटत नाही, जिवाणू मात्र जगतो. अमेरिकेत सफरचंद-नाशपातीच्या फायर ब्लाइट रोगात असंच झालं. कॅलिफोर्नियात असे जिवाणू १९७१ मध्येच सापडले.

मुख्य गोष्ट : ही चूक औषधामुळे होत नाही. बागेत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यात असा एखादा आधीच असू शकतो. फवारणीने बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. मग डोस दुप्पट केला तरी त्याला फरक पडत नाही, खर्च तेवढा वाढतो.

म्हणून आधी बागेतले जिवाणूच कमी करा. डागाच्या दोन-तीन इंच खालून फांदी छाटा. प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा (हे बरेच जण टाळतात, आणि रोग तिथूनच पुढच्या झाडावर जातो). रोगट फळं-पानं बांधावर टाकू नका, जाळा. छाटणीनंतर १ टक्का बोर्डो फवारा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.

अँटिबायोटिक पुन्हा मारायचा विचार असेल तर आधी डागाचा फोटो याच नंबरवर पाठवा.