नसबंदी आणि मतपेटी

आरोग्यधोरणावर सामान्य माणूस मत देत नाही, असा पांढरपेशा समज आहे. १९७७ च्या निवडणुकीने तो खोटा ठरविला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांपासून महसूल कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांवर ‘केसेस’चा कोटा लादला गेला. तो भरला गेला नकार देण्याची ताकद नसलेल्यांच्या देहांनी: भूमिहीन, दलित, गरीब मुसलमान. सक्तीचा जोर उत्तरेत अधिक होता. मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात ८५ पैकी आणि बिहारात ५४ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ मिळाल्या. पराभवाची इतर कारणे होतीच, पण हे कारण मतदाराच्या अंगावर कोरलेले होते.

नव्या सरकारने ‘कुटुंबनियोजना’चे नाव ‘कुटुंबकल्याण’ केले, सक्ती मागे घेतली. पुढे शस्त्रक्रियेचा भार पुरुषावरून स्त्रीवर सरकला. तिच्यासाठी मात्र कोणतेही सरकार पडले नाही. मताने सत्तेला काय करू नये हे शिकविले. वस्तीत दवाखाना, नळाला शुद्ध पाणी, बाळंतिणीला डॉक्टर, हे मागणारे मत अजून घडवायचे आहे.