कागदाचा पत्ता

तहसील कचेरीत गर्दी दिसते ती सेतूच्या खिडकीपुढे, पुरवठा शाखेत आणि संजय गांधी निराधारच्या टेबलाभोवती. रेकॉर्ड रूमकडे फारसं कुणी वळत नाही आणि जो वळतो तो अडलेला असतो. कुणाचा जमिनीचा दावा चालू असतो, कुणाच्या मुलीची जातपडताळणीची तारीख जवळ आलेली असते, कुणाला चुलत्याने वाटणीत फसवल्याचा संशय असतो. माझ्या नोकरीची अखेरची बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथे राहून एक गोष्ट पक्की कळली. कागद बहुतेक वेळा जागेवर असतो. तो कोणत्या नावाने, कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या कचेरीत आहे हे मागणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तेवढ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात.

एका शेतकऱ्याचा अर्ज मला अजून आठवतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प नीट चिकटवलेला आणि खाली दोन पानं भरून आजोबांपासूनची हकीकत. शेवटी मागणी एका ओळीची: ‘माझ्या जमिनीची सर्व माहिती मिळावी.’ महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मागणी मोघम आहे, असं उत्तर त्याला गेलं. तो वीस रुपयांचा स्टॅम्प घेऊन पहिल्या अपिलाला आला आणि सुनावणीला वेळ होता म्हणून आमच्या बाकावर टेकला.

मी त्याला सातबारा काढायला लावला. “ह्या गोलातल्या आकड्यांकडं कधी बघितलंय का, दादा?”

“ते तलाठ्याचं कायतरी असंल की, साहेब.”

ते तलाठ्याचं नव्हे, त्याचंच होतं. सातबाऱ्यावर नावांच्या शेजारी गोलात किंवा कंसात लिहिलेले आकडे हे फेरफार क्रमांक असतात. जमिनीवर कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं उतरलं, त्या प्रत्येक घडामोडीची नोंद गाव नमुना सहामध्ये होते आणि तिचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. तो क्रमांक धरून फेरफार काढा, त्यात मागच्या फेरफाराचा उल्लेख सापडेल, तिथून आणखी मागे जा. एकेक पायरी उतरत माणूस आजोबांच्या काळापर्यंत पोचतो. ह्या शेतकऱ्याच्या आजोबांचा अर्धा हिस्सा ज्या फेरफाराने गेला तो आम्हाला थोड्या वेळात मिळाला. मग त्याने नवा अर्ज लिहिला, चार ओळींचा: अमुक गावचा अमुक क्रमांकाचा फेरफार, त्यावर बजावलेल्या नोटिशीची स्थळप्रत, सोबतचे जबाब आणि नोंद मंजूर करणारा शेरा, यांच्या प्रमाणित प्रती. जास्त काही नाही.

प्रती पुढच्या आठवड्यात मिळाल्या. नोटिशीवर आजोबांच्या नावापुढे अंगठा होता. त्याच आजोबांची मोडीतली सही घरच्या जुन्या खरेदीखतावर आहे, हे नातवाने तिथल्या तिथे सांगितलं. प्रकरण पुढे प्रांतांकडे अपिलात गेलं. दोन पानांच्या अर्जाने जे झालं नव्हतं ते चार ओळींनी झालं, कारण त्या चार ओळींत कागदांची नावं होती.

इथे एक सांगायला हवं. सगळे कागद तहसीलमध्ये नसतात. गट पाडण्याआधी जमिनीला सर्व्हे नंबर होते. १९४७च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना आली आणि गावोगाव गट नंबर पडले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते पत्रक, टिपण, फाळणीचा नकाशा, गुणाकार बुक हे सगळं भूमि अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे असतं. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे, शाळेचं जनरल रजिस्टर शाळेत. चुकीच्या कचेरीत अर्ज पडला तर पाच दिवसांत तो योग्य कचेरीकडे पाठवण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्याची आहे, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे. ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं लिहून कागद परत करणं कायद्यात बसत नाही. हे अर्जदाराला माहीत असेल तर त्याचा निदान एक महिना वाचतो.

आमच्याकडे एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. रेकॉर्ड रूमची यादी म्हणजे मामा. गावाचं नाव आणि साल सांगितलं की ते शिडी लावायचे आणि बरोबर तोच गठ्ठा खाली उतरवायचे. कोणत्या रॅकला पूर्वी वाळवी लागली होती, कोणत्या गावाचे गठ्ठे तालुक्याची फेररचना झाली तेव्हा शेजारच्या तालुक्याला गेले, कोणते दोन बस्ते पावसात भिजले म्हणून ऊन देऊन वेगळ्या कापडात बांधले, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. मामा निवृत्त झाले तो दिवस कचेरीने हार-नारळ देऊन साजरा केला. पुढच्याच महिन्यात ‘अभिलेख आढळून येत नाही’ अशी उत्तरं जायला लागली. कागद तिथेच होते, त्या त्याच रॅकवर.

मला ह्याची खंत आजही वाटते, कारण ह्यातलं काहीच नशिबावर सोपवायची गरज नव्हती. १९८०च्या दशकात शेजारच्या अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या फायलींची आणि गठ्ठ्यांची अशी घडी बसवली की ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर शिकवली गेली. अभिलेखांचं वर्गीकरण तर त्याच्याही आधीपासूनचं आहे: ‘अ’ वर्गातलं कायम ठेवायचं, ‘ब’ वर्गातलं तीस वर्षं, आणि असं खाली उतरत ‘ड’ वर्गातलं एक वर्ष. आणि माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. त्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कचेरीने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचे. अर्ज, अपील, दंड ह्या कलमांवर सगळे बोलतात. यादी करा म्हणणाऱ्या कलमाकडे फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते खेड्यातल्या माणसाच्या सगळ्यात जास्त उपयोगाचं कलम तेच आहे.

मराठवाड्यात आणखी एक गाठ आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तालुक्याच्या पातळीवरचे जुने कागद बरेचसे उर्दूत, गावाकडचे अनेक मोडीत, आणि सालं फसली. एक तरुण १९४५ चं पाहणी पत्रक मागायला आला होता. त्याला दोनदा ‘त्या सालाचा अभिलेख नाही’ असं उत्तर मिळालं होतं. गठ्ठ्यावर १९४५ असं लिहिलेलंच नव्हतं. तिथे होतं १३५५. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल येतं, आणि हे साल ऑक्टोबरात बदलतं, म्हणून १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. महिन्यांची नावंही आजूर, दै, बहमन अशी फारसी. एवढं त्याला सांगितलं आणि त्याचं पत्रक दुपारच्या आत हातात आलं. इनाम जमिनीची माणसं मुंतखब शोधत येतात, कुळांच्या घरची माणसं ३८-ई चं प्रमाणपत्र शोधत येतात, आणि १९५४-५५ च्या खासऱ्यासाठी तर रांगच असते. प्रत्येक कागदाचं नाव वेगळं, ठिकाण वेगळं. ती नावं पूर्वी घराघरातल्या कारभारी माणसांना पाठ होती. आता ती माणसं गेली.

सगळ्यात मनाला लागून राहिलेलं प्रकरण एका आजींचं. वडील जाऊन कित्येक वर्षं झाली होती. वारसाच्या फेरफाराला भावांची नावं लागली, आजींचं लागलं नाही. भाऊही गेले आणि भाचे म्हणू लागले की ही आमच्या आजोबांची मुलगीच नव्हे. आजी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, म्हणून शाळेचा दाखला नाही. उरली होती फक्त गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकातली जन्माची नोंद. वडिलांच्या गावच्या बुकात ती नोंद नव्हती. त्यांचा नातू तीन कचेऱ्या हिंडला आणि सगळीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घेऊन आला. तो दाखला भाच्यांनाच हवा होता.

मी आजींना विचारलं, “तुम्ही आईचं पहिलं लेकरू का?”

“व्हय, थोरली मीच.”

“मग जन्म कुठला तुमचा?”

“आजोळचा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हतंय की, बाबा.”

सगळे शोधत होते बापाच्या गावात. नोंद होती आईच्या माहेरी, शेजारच्या तालुक्यातल्या गावच्या बुकात. पहिलटकरीण माहेरी जाते हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण अर्जाच्या नमुन्यात ते कुठे विचारलेलं नसतं. बुकात मुलीचं नाव नव्हतं. त्या काळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची, म्हणून नुसतं ‘मुलगी’. पण बापाचं पूर्ण नाव होतं, त्याचं गाव होतं, आणि खबर देणारा म्हणून आजींच्या मामाचं नाव होतं. नातवाने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा आजींनी मामाचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं.

त्यानंतर जन्माची नोंद शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारत गेलो: कितवं अपत्य, आणि आजोळ कोणतं. जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधणाऱ्यांचीही कामं ह्या प्रश्नाने झाली आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं बोलावून कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा कित्येक वर्षं न सुटलेल्या गाठी सुटल्या. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच की वरून नेट लागला की कागद सापडतात. एकट्या माणसाने मागितले तरी ते तसेच सापडायला हवेत.

खरोखर कागद मिळतच नसेल तर काय करायचं, हे लोक हमखास विचारतात. ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. दुसरा अर्ज द्या आणि त्यात एवढंच विचारा: हा अभिलेख अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या वर्गातला होता, नष्ट केला असेल तर कोणत्या आदेशाने, आणि नाश केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत द्या. फेरफारासारखा कागद कायम ठेवायचा असतो, तो नष्ट केला असं कुणी लिहून देऊ शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. असा अर्ज आला की शिडी लागते. मी स्वतः लावली आहे.

अर्ज न करताही बघता येतं, हे तर फारच थोड्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कचेऱ्यांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधी डोळ्यांनी बघा, पान क्रमांक टिपून घ्या, मग त्याच पानांची प्रत मागा. पानाला दोन रुपये पडतात, आणि तीस दिवसांची मुदत उलटून गेली तर तेही द्यावे लागत नाहीत.

मागच्या वर्षी मी जुन्या कचेरीत गेलो होतो. रेकॉर्ड रूमला आता एक तरुण मुलगी आहे, स्पर्धा परीक्षा देऊन आलेली. सातबारा आणि फेरफार आता संगणकावर मिळतात, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, पण जुने गठ्ठे तिच्याच ताब्यात आहेत. तिने एकेक रॅक उतरवून गावनिहाय यादी करायला घेतली आहे: कोणत्या गावाचा कोणता नमुना, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, शेजारी फसली साल, आणि जो कागद इथे नाही तो कोणत्या कचेरीत. झालेली पानं ती दाराबाहेरच्या फळ्यावर लावते. मामांना तिने रिक्षा पाठवून घरून बोलावलं होतं. ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि ती लिहून घेत होती. मोडीचे गठ्ठे वाचायला पुराभिलेख विभागाचा वर्ग केलेला एक मुलगा येतो. उर्दूचं काम अजून राहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर सोमवारपासून येतो म्हणालेत.