रानाची मोजदाद

घरचा जमाखर्च ठेवणाऱ्यास मुद्दल आणि व्याज यांतील भेद समजावून सांगावा लागत नाहीं. व्याजावर भागविलें तर मुद्दल शाबूत राहतें. मुद्दलालाच हात घातला तर कांहीं वर्षें थाटांत जातात आणि मग घर बसतें. वनशास्त्राचा पाया याच व्यवहारावर उभारलेला आहे. उभें रान हें मुद्दल, आणि त्यांत दरसाल जें लांकूड नव्यानें वाढतें तें व्याज. तोड व्याजापुरतीच व्हावी, हा नियम ऐकावयास सोपा आहे. पण उभें रान किती आहे हेंच ठाऊक नसेल तर तो पाळावयाचा कसा? म्हणून जो रान राखूं म्हणतो, त्याला आधीं तें मोजावें लागतें.

१८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताच्या सागवानी रानांचा कारभार डीट्रिख ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आला. हत्तीवर बसून ते रानांतून रेषा धरून जात. हातांत बांबूच्या काठ्या असत. वाटेंत जो साग दिसे, त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणें त्या त्या काठीवर चाकूनें एक खांच पाडीत. या खांचांवरून त्यांनीं रानांतील सागाचा अंदाज बांधला आणि तोडीची मर्यादा ठरविली. पुढें १८६४ सालीं हिंदुस्थानांत वनखातें स्थापन झालें, तेव्हां त्याचे पहिले महानिरीक्षक तेच झाले.

परंतु एका प्रांताचें रान मोजणें निराळें आणि साऱ्या देशाचें मोजणें निराळें. या दुसऱ्या कामास १९६५ सालीं आरंभ झाला आणि १ जून १९८१ रोजीं त्यासाठीं ‘भारतीय वन सर्वेक्षण’ ही केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचें मुख्य ठाणें डेहराडून येथें आहे. तिच्या विभागीय कचेऱ्यांपैकीं एक आपल्या नागपुरास आहे. १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनीं ही संस्था देशांतील वनांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. वृत्तपत्रांत ‘देशांतील वनें वाढलीं’ असा मथळा झळकतो, तो या अहवालावरून.

ही मोजणी मुख्यतः उपग्रहाच्या साहाय्यानें होते. हिरवीं पानें तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतात. उपग्रहावरील यंत्र हा फरक टिपतें. चित्रें शक्यतों ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतलीं घेतात. कारण तेव्हां आभाळ निवळलेलें असतें आणि पानझडीच्या झाडांवर अजून पानें असतात. या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील साडेतेवीस मीटर लांब-रुंद चौकोन. निदान एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर जागेंत झाडांच्या माथ्यांनीं शेंकडा दहा किंवा अधिक जमीन झांकली असेल, तर ती जागा ‘वनाच्छादन’ या सदरांत जाते. सत्तर टक्के किंवा अधिक छाया असेल तें अतिघन, चाळीस ते सत्तर तें मध्यम घन, आणि दहा ते चाळीस तें विरळ.

या व्याख्येंत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जमीन कोणाची, झाड कोणतें, हें येथें विचारलेंच जात नाहीं. कोंकणांतील कलमी आंब्याची बाग, किनाऱ्यावरील नारळाची वाडी, आणि गडचिरोलीचें शेंकडों जातींच्या वृक्षांचें रान, हीं तिन्ही या हिशेबांत वनाच्छादनच होत. उलट माळरान, जेथें काळवीट चरतें आणि माळढोक अंडीं घालतो, तेथें झाडेंच थोडीं म्हणून तें या सदरांत बसत नाहीं.

डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या २०२३ च्या अहवालांत देशाचें वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूमीच्या २१.७६ टक्के दिलें आहे. वनांबाहेरील वृक्षांची छाया धरली तर हें प्रमाण २५.१७ टक्के होतें. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें ठरविलेलें ध्येय एकतृतीयांश भूमीचें आहे. १९८७ च्या पहिल्या अहवालांत वनाच्छादन ६,४०,८१९ चौरस किलोमीटर होतें. मग मधल्या काळांत पाऊण लाख चौरस किलोमीटर रान वाढलें काय? तसें म्हणतां येत नाहीं. त्या वेळीं चारशें हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर दाखवितांच येत नसे. आतां एक हेक्टराचाही येतो. चष्मा बदलल्यावर जें नव्यानें दिसूं लागलें, तें सारें नव्यानें उगवलें असें नव्हे.

दुसरी सावधगिरी बेरजेची. २०२१ च्या अहवालाच्या तुलनेनें २०२३ मध्यें वनाच्छादन १५६ चौरस किलोमीटरांनीं वाढलें. पण ही वजाबाकीनंतरची शिल्लक आहे. एकीकडे जुनें रान गेलें आणि दुसरीकडे तेवढ्याच जागेवर निलगिरीची लागवड झाली, तर शिल्लक तीच राहते. मात्र गेलेल्या रानाबरोबर त्यांतील मोह, हिरडा, पांखरें आणि पाणी धरून ठेवणारी माती हींही जातात. त्यांची नोंद या आंकड्यांत नसते.

म्हणून आकाशांतून पाहिल्यावरही पायीं जावेंच लागतें. रानालगतचा ऊंस किंवा दाट माजलेली घाणेरी उपग्रहास झाडांसारखी भासूं शकते. तेव्हां जागेवर जाऊन खात्री करावी लागते. याखेरीज देशाच्या नकाशावर पांच किलोमीटरांचे चौकोन आंखून, त्यांतून निवडलेल्या जागीं कर्मचारी प्रत्यक्ष मोजणी करतात. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरांवर, खोडाची जाडी मोजतात. रोपें, पाचोळा आणि माती तपासतात. जुन्या झाडांखालीं नवीं रोपें आहेत कीं नाहींत, हें येथेंच कळतें. आणि रानाचें भवितव्य त्या रोपांवर अवलंबून असतें.

मोजणारा आणि राखणारा मात्र निराळे आहेत. रान राखण्याचें काम राज्यांच्या वनखात्यांचें. त्यासाठीं प्रत्येक वनविभागाची बहुधा दहा वर्षांची कार्य-आयोजना असते, आणि शेवटच्या टोंकाला नियतक्षेत्राचा वनरक्षक असतो. उन्हाळ्यांत रानांत वणवा पेटला तर उपग्रहाला त्याची उष्णता दिसते. २००४ पासून सर्वेक्षण संस्था अशा आगींची सूचना राज्यांना देते आणि ती आतां मोबाइलवर थेट खालपर्यंत पोंचते. पण विझवावयास जातो तो माणूस. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हा भार आणि अधिकार ग्रामसभांकडेही आला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा गांवाला २००९ सालीं असा सामूहिक हक्क मिळाला.

यापुढें वनें वाढल्याचा मथळा दिसला, तर शहरांत राहणाऱ्या आपणही तीन प्रश्न विचारावेत: वाढलें तें रान कीं लागवड? दाट कीं विरळ? आणि त्याच अवधींत गेलें तें कोठलें? अहवालांत जिल्हावार आंकडे दिलेले असतात आणि तो कोणासही पाहतां येतो. मुद्दल आपल्या सर्वांचें आहे. त्याचें खातें अधूनमधून उघडून पाहणें हें धन्याचें काम आहे.