नेरे, पण कोणतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठाचा डीबीएमएसच्या पेपरचा अभ्यास उरकणार असाल, तर पुस्तकातलं ‘एम्प्लॉयी-डिपार्टमेंट’चं उदाहरण जरा बाजूला ठेवा. राज्य सरकारच्या महाभूलेख साइटवर जाऊन गावचा सातबारा काढा.

आपलं हिंजवडीजवळचं, मुळशीतलं नेरे घ्या. नुसतं गावाचं नाव प्रायमरी की म्हणून चालेल? मुळीच नाही! एक नेरे भोर तालुक्यात आहे, एक पनवेलजवळ, शांतिवन संस्थेचं. म्हणून साइट आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव विचारते. ही झाली कंपोझिट की.

आता उतारा नीट बघा. नमुना सातवर गट क्रमांक, भोगवटादार, क्षेत्र. नमुना बारावर पिकं. एका गटात पाच भाऊबंद आणि एकाच भावाचे चार गट, म्हणजे मेनी-टू-मेनी. परीक्षेत पोरं अडकतात ती इथेच. खाते क्रमांक धरून आठ-अ काढला की त्या खात्याची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. फेरफार क्रमांक म्हणजे नमुना सहाकडे, म्हणजे फेरफार नोंदवहीकडे, नेणारी फॉरेन की. आणि सगळ्यात भारी गोष्ट: जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत; पूर्वी ते कंसात टाकत, आता त्यावर आडवी रेष मारतात. सॉफ्ट डिलीटच की हो!

तक्ते असे जोडण्याचं रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 मध्ये मांडलं. आपले तलाठी त्याआधीपासून तक्ते जोडत होते.

एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट आहे. खातेदार, गट आणि दोघांना जोडणारं तिसरं टेबल, एवढं आजच करून बघा. नावं मात्र काल्पनिक घाला, शेजाऱ्यांची नकोत.