कोट्यधीशांचा संप!

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये खेळाडूंच्या पैशांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एवढे मिळतात, अजून काय पाहिजे यांना?" प्रश्न रास्त आहे. पण २०१७ साली ऑस्ट्रेलियात काय झालं ते पाहिलं, की उत्तर वाटतं तेवढं सोपं राहत नाही.

तिथे सुमारे वीस वर्षं एक पद्धत चालू होती. क्रिकेटमधून मंडळाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा खेळाडूंचा. म्हणजे मंडळाची कमाई वाढली की मानधनही वाढणार. नव्या कराराच्या वेळी मंडळ म्हणालं, हे आता बंद. सुरुवातीचा प्रस्ताव असा होता की आंतरराष्ट्रीय खेळाडूंना शिलकीतला वाटा मिळेल, राज्य संघातल्यांना मात्र ठरलेली रक्कम. कारण काय? तर शाळा आणि क्लब पातळीवरच्या क्रिकेटला पैसा हवा!

खरी मेख इथेच आहे. स्मिथ, वॉर्नर वगैरे मंडळींचं यात फारसं बिघडत नव्हतं. गपचूप सह्या केल्या असत्या तर विषय संपला असता. पण ते संघटनेबरोबर राहिले. ३० जून २०१७ ला करार संपला आणि सुमारे २३० खेळाडू चक्क बेरोजगार झाले! जुलैत ऑस्ट्रेलिया 'अ' संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला नाही. महिला संघ तेव्हा इंग्लंडमध्ये विश्वचषक खेळत होता, म्हणून त्यांचे करार तेवढ्यापुरते लांबवले गेले.

आता गंमत बघा. कारखान्यात संप झाला की माल अडतो. इथे मॅच हाच माल आणि प्रेक्षक हेच गिऱ्हाईक. त्यामुळे भांडण बंद खोलीत राहूच शकत नाही. मंडळ म्हणतं, "आम्ही लहान मुलांच्या क्रिकेटसाठी भांडतोय." खेळाडू म्हणतात, "आम्ही टीव्हीवर न दिसणाऱ्या खेळाडूंसाठी भांडतोय." लोकांना कोणाचं पटतं, यावर बरंच काही ठरतं. त्यात नोव्हेंबरची अ‍ॅशेस जवळ येत होती, म्हणजे दोघांनाही घाई.

३ ऑगस्टला समझोता झाला. उत्पन्नातला वाटा टिकला. महिला खेळाडू पहिल्यांदाच त्याच करारात आल्या, आणि त्यांच्यासाठीची रक्कम ७५ लाखांवरून ५ कोटी ५२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली. तळागाळातल्या क्रिकेटसाठीही निधी ठरला. म्हणजे मंडळाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता.

आपल्याकडे? २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना झाली खरी, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज रणजी खेळणाऱ्या पोराने मानधनाबद्दल बोलायचं तर एकट्यानेच, आणि संघातली जागा सांभाळून.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी "यांना अजून काय पाहिजे?" असं विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: हे मागतायत कोणासाठी? उत्तर "फक्त स्वतःसाठी" असं आलं, तर खुशाल शिव्या घाला!