वेळापत्रक पिकाच्या हाती

मे महिन्यात विहिरीला पाणी असलेल्या खानदेशी शेतकऱ्याचे हात कपाशी लावायला शिवशिवतात. कृषी विज्ञान केंद्राचे विषय विशेषज्ञ सांगतात, जूनपर्यंत थांबा. लवकर लावलेल्या पऱ्हाटीला फुलंही लवकर येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीची आयती सोय होते. हे जुलैत सांगून उपयोग नाही. म्हणून केंद्राचं वर्षभराचं नियोजन पिकाकडे बघूनच होतं.

देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत निघालं. खानदेशात जळगावजवळ ममुराबादला आणि धुळ्याला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केंद्रं आहेत. रावेर तालुक्यातलं पालचं केंद्र सातपुडा विकास मंडळ चालवतं.

वार्षिक कृती आराखड्याची सुरुवात गावातल्या अडचणींपासून होते. तो शास्त्रीय सल्लागार समितीपुढे जातो. तिथे विद्यापीठ आणि कृषी खात्याच्या माणसांबरोबर शेतकरीही बसतात. नव्या शिफारशीची आधी मोजक्या शेतांवर चाचणी होते. शिफारस त्यात उतरली की शेतकऱ्याच्याच शेतावर आद्यरेषा प्रात्यक्षिक आणि जोडीला प्रशिक्षण. भाषणापेक्षा शेजाऱ्याचा प्लॉट शेतकऱ्याला लवकर पटतो, हे या क्रमामागचं गणित.

केळीचं प्रशिक्षणही असंच बांधलेलं. मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. रोपं आणि बेणं निवडण्याचे धडे त्याआधी व्हायला हवेत. पावसाळ्यात कुकुंबर मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. तेव्हा बागेत काकडीवर्गीय पिकं नकोत आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटायला हवं.

खरी अडचण इथेच येते. एकाने झाडं उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर मावा बांध ओलांडतोच. कपाशीचंही तेच. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपायाची वेळ आली. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, वेचायच्या; डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, न घेता पऱ्हाट्या काढायच्या. हे अख्ख्या शिवाराने केलं तरच अळीची साखळी तुटते. दोन पैशांची फरदड सोडायला एकटा माणूस तयार होत नाही.

म्हणून अशा कार्यक्रमाचं यश हजेरीपटावर मोजू नये. जानेवारीत गावाच्या शिवारात किती पऱ्हाट्या उभ्या आहेत, ते मोजावं. आणि शेतकऱ्यांनीही आराखडा ठरण्याआधीच आपल्या गावाची अडचण केंद्रात जाऊन मांडावी.